ऑड की सी ऑफ ट्रोल्स? मुलांसाठी व्हायकिंग गोष्ट घ्यायची असेल तर

मे महिन्याच्या सुट्टीत भाचीनं ऑसेबर्गच्या जहाजाचा फोटो बघितला आणि तिथून हे सगळं सुरू झालं. नॉर्वेत १९०४ साली मातीच्या टेकाडाखालून काढलेलं व्हायकिंगांचं, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीच्या उत्तरेकडच्या दर्यावर्दी धाडखोरांचं जहाज, साडेएकवीस मीटर लांब, वल्ह्यांच्या १५ जोड्या, आणि ८३४ साली पुरलं तेव्हा आत दोन बायकांचे मृतदेह ठेवलेले. हे ऐकल्यावर तिचा लगेच प्रश्न, मामा, जहाज त्या चालवायच्या का? मला काही सांगता येईना, म्हटलं गोष्टीचं पुस्तकच आणूया.

शेवटी दोन आणली. नील गेमनचं ऑड अँड द फ्रॉस्ट जायंट्स (२००८) आणि नॅन्सी फार्मरचं द सी ऑफ ट्रोल्स (२००४, तीन भागांतला पहिला). भाची दहा वर्षांची, सेमी इंग्लिशमध्ये, त्यामुळे रात्री मी इंग्रजीतून वाचायचो आणि अडेल तिथं मराठीत सांगायचो. माझं मत या वाचण्यातूनच झालंय, तुमच्या घरी वेगळंही वाटू शकेल.

ऑड आधी घेतलं कारण बारीक आहे, शंभर-सव्वाशे पानं. बारा वर्षांचा मुलगा, वडील वारलेले, झाड पडून पाय चिरडलेला, कुबडी घेऊन चालतो, आणि त्या वर्षी हिवाळा संपायचं नावच घेत नाही. रानात त्याला अस्वल, कोल्हा आणि गरुड भेटतात, ते म्हणजे व्हायकिंगांचे देव थॉर, लोकी आणि ओडिन. भाचीला थॉर फक्त सिनेमातला माहीत, त्यामुळे हा सारखा भूक लागलेला अस्वल थॉर तिला फार आवडला. आणि ऑड बर्फाच्या राक्षसाशी (नावातला फ्रॉस्ट जायंट) मारामारी करत नाही, नुसता बोलतो, त्याला घरची आठवण येतेय हे ओळखतो. तो भाग मला स्वतःला खूप भावला, वाचताना आवाज थोडा बसलाच माझा. तीन रात्रींत पुस्तक संपलं. ख्रिस रिडेलची चित्रं असलेली आवृत्ती मिळाली तर तीच घ्या.

पण एक गोष्ट खटकली, आणि माझ्यासाठी तीच निर्णायक ठरली. या गोष्टीत जहाजच नाही हो. म्हणजे उल्लेख आहे, ऑडचे वडील धाडीवर गेलेले असताना पाण्यात पडलेल्या एका तट्टूला वाचवायला उडी मारतात आणि त्या थंडीनंच पुढे जातात, पण हे सगळं सुरुवातीलाच दोन-तीन परिच्छेदांत सांगून होतं आणि नंतर गोष्ट रानात, बर्फात आणि मग थेट इंद्रधनुष्यावरून देवांच्या गावात. भाची रोज विचारायची, आता जहाजात बसणार का? मी म्हणायचो, थांब, पुढे बघू. तिसऱ्या रात्री पुस्तक मिटलं तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त तो ऑसेबर्गचा फोटो परत मोबाइलवर उघडून बसली. लेखकाची यात काहीच चूक नाही, त्यांना सांगायची होती ती गोष्ट त्यांनी सुंदर सांगितलीय. पण आम्ही मालवणकडचे, तिनं लहानपणापासून होड्या ओढताना बघितलेल्या, तिला शीड वल्ही आणि वारा हवा होता आणि मी तिला बर्फ आणून दिला, असं मला फार वाटत राहिलं.

सी ऑफ ट्रोल्स जाडजूड आहे, साडेचारशे पानांच्या आसपास. काळ ७९३ चा, म्हणजे इंग्लंडमधल्या लिंडिसफार्नच्या मठावर व्हायकिंगांची धाड पडली ते वर्ष. जॅक हा इंग्लंडच्या किनाऱ्यावरचा अकरा वर्षांचा सॅक्सन मुलगा, त्याला आणि त्याच्या धाकट्या बहिणीला, लूसीला, नॉर्थमेन, म्हणजे व्हायकिंगच, पकडून नेतात. हे व्हायला मात्र बराच वेळ लागतो, आधी गाव, मेंढ्या, म्हाताऱ्या बार्डकडची (म्हणजे मंत्र जाणणाऱ्या कवीकडची) शिकवणी असं सावकाश चालतं, तिथं दोन रात्री भाची पेंगली हे खरं. पण एकदा जहाज आलं आणि मुलं त्यात अडकली की मग झोपायची वेळ पाळणं अवघड झालं. जॅकला कविता येतात म्हणून जहाजाचा म्होरक्या ओलाफ त्याला ठेवून घेतो, आपल्या पराक्रमाची गाणी करायला, म्हणजे आपला स्काल्ड म्हणून. स्काल्ड म्हणजे काय हे समजवायला मला एकच शब्द लागला, भाट.

आणि थॉरगिल! ही मुलगी बर्सर्कर, म्हणजे बेभान होऊन लढणारी योद्धा व्हायला निघालेली, चिडकी, उद्धट, लढाईत मरून वल्हाल्लाला, म्हणजे वीरांच्या स्वर्गात जायचं हेच स्वप्न. भाचीला ती आधी अजिबात आवडली नाही, मग तिच्यावाचून करमेना. ओलाफचंही तसंच, आपल्या माणसांशी मायेनं वागतो आणि तोच गावं जाळतो, माणसं विकतो. मामा हा चांगला की वाईट, यावर आम्ही एकदा पुस्तक बाजूला ठेवून अर्धा तास बोललो. असं बोलणं ऑडनंतर झालं नव्हतं.

रक्तपात आहे, गुलामगिरी आहे, लूसीचा बळी द्यायचं घाटतं, त्यामुळे मूल हळवं असेल किंवा आठ-नऊच्या आतलं असेल तर मी तरी ऑडच देईन, निःशंक. आठवडाभरासाठी पाहुणं आलेलं मूल असेल तरीही तेच, साडेचारशे पानं अर्धवट राहिली तर दोघांनाही चुटपुट लागते. मजेची गोष्ट म्हणजे मिमिरची विहीर, म्हणजे तिकडच्या पुराणातली ज्ञानाची विहीर, दोन्हीत आहे, त्यामुळे ऑड आधी झालेलं असेल तर दुसऱ्यात ती आली की मूल एकदम उठून बसतं, निदान आमची बसली. दोन्ही परवडत असतील तर याच क्रमानं घ्या.

पण एकच घ्यायचं असेल आणि मुलाच्या डोक्यात जहाज असेल, तर मी जाडं घेईन. भाची जूनमध्ये घरी गेली तेव्हा बारकं पुस्तक इथंच ठेवून गेली, जाडं सोबत नेलं, आणि आता फोनवर दुसऱ्या भागाबद्दल विचारते, त्यात थॉरगिल आहे ना एवढंच.