व्हिएन्ना की बुडापेस्ट?

दोन्ही हॅब्सबर्ग राजघराण्याच्याच राजधान्या, १८६७ ते १९१८ एकाच साम्राज्यातल्या, पण फील एकदम वेगळा. व्हिएन्ना म्हणजे सगळं कसं इस्त्री केलेलं, जुनी तटबंदी पाडून काढलेला रिंगस्ट्रासे (गोलाकार हमरस्ता), शोनब्रुन पॅलेसच्या १४४१ खोल्या (बघायला मिळतात थोड्याच), भारीये पण खिसा रिकामा होतो. बुडापेस्टला मात्र इतिहासाचे थरावर थर, १५४१ ते १६८६ तुर्कांचं राज्य होतं ना, तर त्यांच्या काळातल्या रुदास हमामात आजही अष्टकोनी हौदात गरम पाण्यात बसून घुमटातल्या रंगीत काचांतून येणारा उजेड बघत राहायचं, आणि १८९६ ची ती पिटुकली मेट्रो अजून धावतेय! ऑपेरा, म्युझियमचं वेड असेल तर व्हिएन्ना, नाहीतर डोळे झाकून बुडापेस्ट. ट्रेनने अडीच-तीन तासच लागतात म्हणा.