इराणचा अणुकार्यक्रम: हल्ला बरा की करार? माझं पारडं कुठे झुकलं आणि का

शत्रू देश अणुबॉम्बच्या वाटेवर असेल तर काय करायचं, हा विषय आमच्या अभ्यासगटात निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो उडवून टाका, दुसरा म्हणतो बोलणी करा, आणि मधेच कुणीतरी निर्बंधांचं नाव घेतं. मला गटात एक बाजू घेऊन बोलायचं होतं म्हणून सगळं नीट वाचून काढलं आणि बाजू ठरवली. तुम्हालाही इंटरव्ह्यूसाठी, वादविवाद स्पर्धेसाठी किंवा स्वतःच्याच समाधानासाठी ठरवायचं असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितोय. उदाहरण इराणचंच घेतो, कारण तिथे दोन्ही उपाय खरोखर करून झालेत, अमेरिकेसह सहा देशांशी झालेला २०१५ चा करार आणि इस्रायल-अमेरिकेचे जून २०२५ चे हल्ले. एवढं लक्षात असू द्या: युरेनियम समृद्ध करणं म्हणजे त्यातला बॉम्बला उपयोगी भाग वाढवणं, ते करणारं वेगाने फिरणारं यंत्र म्हणजे सेंट्रिफ्यूज, आणि ६० टक्के म्हणजे बॉम्बच्या पातळीच्या बरंच जवळ.

निर्बंधांचं आधी उरकून घेऊ. निर्बंधांमुळे इराण बोलणीला बसला असं म्हणतात आणि ते बऱ्यापैकी खरं असावं, पण नुसत्या निर्बंधांनी कार्यक्रम थांबल्याचं काही दिसत नाही, उलट त्याच वर्षांत सेंट्रिफ्यूज वाढतच गेली. झळ बसली ती तिथल्या सामान्य माणसाला, आणि थोडी आपल्यालाही, कारण २०१९ मध्ये भारताला इराणी तेल बंद करावं लागलं. एकटा उपाय म्हणून मी निर्बंध बाजूलाच ठेवतो.

आता हल्ला. हल्ल्याची बाजू कमकुवत आहे असं समजून स्टेजवर जाऊ नका, समोरचा तयारीचा असेल तर अडकाल. ६ सप्टेंबर २००७ ला इस्रायलने सीरियात देर अझ-झोरजवळची अणुभट्टी उडवली. इस्रायलने ते अधिकृतपणे कबूल केलं २०१८ मध्ये, आणि सीरियाने पुन्हा अणुभट्टी उभी केली नाही. पुढे त्याच भागावर इसिसचा ताबा आला, तेव्हा ती भट्टी तिथे असती तर काय झालं असतं हा प्रश्न रास्तच आहे, मलाही तो खोडता येत नाही.

पण लोक सीरियाचं नाव क्वचित घेतात, घेतात ते इराकचं. ७ जून १९८१, बगदादजवळची ओसिराक अणुभट्टी, इस्रायलची विमानं गेली, बॉम्ब टाकले आणि सगळी सुखरूप परत आली. गोष्ट भारी आहे, पण पुढचा भाग कुणी सांगत नाही. ती भट्टी जमिनीवर उघड्यावर होती, फ्रान्सने बांधून दिलेली होती आणि अणुकेंद्रं तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक तिथे जात होते. हल्ल्यानंतर सद्दामने काम गुपचूप दुसरीकडे वळवलं, भट्टीचा नाद सोडून युरेनियम समृद्ध करण्याच्या मागे लागला, तेही विद्युतचुंबकाच्या जुन्या पद्धतीने, जी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने वापरली होती आणि आता कोण वापरणार म्हणून ज्याच्यावर कुणाचं फारसं लक्षच नव्हतं. त्याचा आवाका कळला १९९१ च्या युद्धानंतर निरीक्षक आत शिरले तेव्हा. त्या सप्टेंबरमध्ये कार्यक्रमाची कागदपत्रं हाती लागल्यावर इराकी सैनिकांनी निरीक्षकांना बगदादमध्ये एका पार्किंग लॉटमध्ये चार दिवस अडवून धरलं होतं, कागद द्या आणि मग जा म्हणून, आणि ते लोक तिथेच गाड्यांमध्ये झोपले पण कागद सोडले नाहीत. इराकचा कार्यक्रम खऱ्या अर्थाने मोडला तो अशा माणसांनी. अर्थात, इराक युद्ध हरला होता म्हणूनच त्यांना आत जाता आलं, हेही मान्य करायला हवं.

इराणवर येतो, कारण माझा निर्णय इथे झाला. १३ जून २०२५ ला इस्रायलने सुरुवात केली, २२ जूनला अमेरिकेच्या बी-टू विमानांनी फोर्डो आणि नतान्झ या समृद्धीच्या केंद्रांवर मिळून जमिनीत खोल घुसून फुटणारे १४ महाबॉम्ब टाकले, इस्फहानच्या अणुकेंद्रावर क्षेपणास्त्रं डागली. नुकसान प्रचंड झालं, त्याबद्दल वाद नाही. पण हल्ल्याच्या वेळी इराणकडे ६० टक्के समृद्ध युरेनियम होतं सुमारे ४४० किलो. ते आणखी समृद्ध केलं तर साधारण ४२ किलोत एका बॉम्बपुरता माल होतो, म्हणजे किती बॉम्बचा माल झाला तो हिशेब तुम्हीच करा. हल्ल्याआधी काही दिवसांपर्यंत निरीक्षक हा साठा मोजत होते. अमेरिकेच्या हल्ल्याच्या दोन-तीन दिवस आधी उपग्रहाच्या फोटोंत फोर्डोच्या बोगद्याबाहेर ट्रकची रांग दिसली. हल्ल्यानंतर लगेच जुलैच्या सुरुवातीला इराणने कायदा करून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेशी सहकार्य थांबवलं, निरीक्षक देश सोडून गेले, आणि तो साठा ढिगाऱ्याखाली आहे, बोगद्यात आहे की ट्रकमधून कुठे गेला हे खात्रीने सांगणारं कुणी उरलं नाही.

मला हल्ल्यातलं सगळ्यात जास्त हेच खटकतं. मी बँकांसाठी स्टॉक ऑडिट करतो, त्यामुळे असेल कदाचित. भिवंडीत एका गोडाऊनला आग लागली होती, आत ग्रे म्हणजे न रंगवलेल्या कच्च्या कापडाचे तागे, माल बँकेकडे तारण. महिन्याच्या शेवटी दिलेल्या स्टेटमेंटमध्ये आकडा होता, आग लागली पुढच्या महिन्याच्या मधेच, गेट रजिस्टर आतच जळालं, आणि वॉचमन सांगतो की आदल्या संध्याकाळी दोन टेम्पो बाहेर गेले. मालक म्हणतो त्यात चिंध्या होत्या. आता राखेतून तागे मोजता येत नाहीत. किती माल जळाला आणि किती आधीच निघून गेला हे विम्याच्या सर्व्हेअरला सांगता आलं नाही, मलाही नाही आणि बँकेलाही नाही, आणि ती फाइल शेवटपर्यंत तशीच लोंबकळत राहिली. त्याउलट एखादी पार्टी कितीही लबाड असली तरी गोडाऊनला कुलूप बँकेचं, रजिस्टर चालू आणि आपला माणूस अधूनमधून न सांगता जाऊन लॉट मोजतोय, तर फरक चार-सहा ताग्यांचा असला तरी कधी ना कधी पकडला जातो. माझा अनुभव कापडाचा आहे, युरेनियमचा नाही, पण मोजणीची साखळी एकदा तुटली की पुन्हा जोडणं किती अवघड असतं ते मी जवळून पाहिलंय.

आता करार, म्हणजे १४ जुलै २०१५ ला व्हिएन्नात झालेला, इराणने अणुकार्यक्रमावर मर्यादा घ्यायच्या आणि बदल्यात निर्बंध उठवायचे असा. त्याच्या उणिवा खऱ्या आहेत. क्षेपणास्त्रं त्यात नव्हती, अनेक अटींना मुदत होती आणि १०-१५ वर्षांत त्या गळून पडणार होत्या, संशयित जागेवर वाद झाला तर प्रवेश मिळायला २४ दिवस लागू शकत होते. या २४ दिवसांवर विरोधकांनी खूप टीका केली, तेवढ्यात सगळं पुसून टाकतील म्हणाले. पण युरेनियमचे कण असे सहज पुसले जात नाहीत. तेहरानजवळ तुर्कुझाबादला एक जागा आधीच रिकामी केलेली होती, तरी २०१९ मध्ये निरीक्षकांनी घेतलेल्या नमुन्यांत युरेनियमचे कण सापडलेच. त्याआधी २००३ मध्ये नतान्झच्या यंत्रांवरून कापसाच्या बोळ्यांनी नमुने पुसून घेतले, त्यात उच्च समृद्ध युरेनियमचे कण निघाले आणि माग काढत गेल्यावर धागा पाकिस्तानातून आलेल्या सुट्या भागांपर्यंत पोचला. कापसाच्या एका बोळ्याने हे कळलं, म्हणून माझा त्या पद्धतीवर विश्वास बसला.

आणि करार चालू होता तोपर्यंत आकडे हाताशी होते. ११ टनांहून जास्त समृद्ध युरेनियम २०१५ च्या डिसेंबरमध्ये जहाजाने रशियाला गेलं, अराकच्या, प्लुटोनियम (बॉम्बचा दुसरा माल) देऊ शकणाऱ्या भट्टीचा गाभा काढून त्यात काँक्रीट ओतलं, साठा ३०० किलोवर आणि समृद्धी ३.६७ टक्क्यांवर बांधली. इराण अटी पाळतोय असे अहवाल येत असतानाच ८ मे २०१८ ला ट्रम्प करारातून बाहेर पडले. त्यानंतर वर्षभर इराण थांबला, मग एकेक अट मोडत गेला, २०२१ मध्ये ६० टक्क्यांवर पोचला, २०२२ च्या जूनमध्ये अणुऊर्जा संस्थेचे २७ कॅमेरे काढायला लावले. म्हणजे ते ४४० किलो जमलं कधी, तर करार मोडल्यावर. तारखा शेजारी शेजारी लिहून काढा, मला तरी यातून दुसरा अर्थ काढता आला नाही.

समोरून उत्तर कोरिया नक्की येईल. १९९४ चा अमेरिकेशी झालेला जिनिव्हाचा करार, २००२ मध्ये तो मोडला, सील काढली, निरीक्षक हाकलले, २००३ मध्ये अण्वस्त्र प्रसारबंदी करारातून बाहेर, ९ ऑक्टोबर २००६ ला पहिली चाचणी. करारवाल्यांसाठी हे दुखणं आहेच, नाकारू नका. मी एवढंच म्हणतो की करार टिकला तोपर्यंत तिथल्या योंगब्योनच्या भट्टीतली प्लुटोनियमची वाट आठ वर्षं बंद राहिली, आणि सील निघाल्याचं जगाला लगेच कळलं. हल्ला झाल्यावर एखाद्या देशाने प्रसारबंदी करारातूनच बाहेर पडायचं ठरवलं तर तेवढंही कळत नाही, आणि मार खाल्ल्यावर तसं ठरवायला त्याला कारण मिळतं.

आपल्या घरचं एक उदाहरण वापरा, इंटरव्ह्यूत उपयोगी पडेल. भारत आणि पाकिस्तान १९९२ पासून दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात, एकमेकांच्या केंद्रांवर हल्ला करायचा नाही या १९८८ च्या कराराखाली. कारगिल झालं, २६/११ झालं, तरी याद्या जातात. तारापूर आणि ट्रॉम्बे ज्यांना जवळ आहेत त्यांनी तरी हा कागद फालतू समजू नये.

मग ठरवायचं कसं? भट्टी एकच, जमिनीवर, अजून इंधन न भरलेली, आणि देशाकडे स्वतःचे तयार शास्त्रज्ञ नाहीत, अशा ठिकाणी हल्ल्याची बाजू घेतलीत तर मी फार भांडणार नाही. इराणमध्ये यातलं काहीच नव्हतं, यंत्रं डोंगराखाली आणि विद्या हजारो माणसांच्या डोक्यात. तिथे मी कराराकडेच झुकतो, पण कसाही करार नको. साठा देशाबाहेर जायला हवा, सेंट्रिफ्यूजचे सुटे भाग बनतात त्या वर्कशॉपपर्यंत कॅमेरे हवेत आणि न सांगता तपासणीच्या अटीला संपायची मुदत नको. तुम्ही स्पर्धेत कराराच्या बाजूने उभे राहणार असाल तर या तीन अटी सुरुवातीलाच मांडून टाका, कारण समोरचा पहिला प्रश्न मुदतीवरच विचारतो.