रिक्षाच्या पाठीवर माझीच ओळ

साताऱ्यात मी सहा वर्षं फ्लेक्सचं डिझाइन करतोय. वाढदिवस, दहावीचे गुणवंत, भावपूर्ण श्रद्धांजली. फोटो कापायचा, सोनेरी अक्षरं टाकायची, झालं काम. कंटाळून पुण्यातल्या एका संस्थेत 'इंटिग्रेटेड कॅम्पेनची क्रिएटिव्ह स्ट्रॅटेजी' शिकायला नाव घातलं, म्हणजे जाहिरातीची एकच कल्पना रेडिओपासून रीलपर्यंत कशी न्यायची ते. संस्थेचं नाव लिहीत नाही, पण मला कसं गुंडाळलं ते लिहितो.

फी ८४,००० रुपये. काउन्सेलर मॅडम म्हणाल्या, "एकरकमी कशाला सर? महिना सात हजार, नो-कॉस्ट ईएमआय." मोबाइलवर ओटीपी आला, मी शहाण्यानं तो फोनवरच सांगून टाकला. हप्ता संस्थेचा नव्हताच. एका फायनान्स कंपनीचं कर्ज माझ्या नावावर निघालं होतं आणि सगळी रक्कम संस्थेच्या खात्यात पोचली होती. उद्या क्लासला कुलूप लागलं तरी हप्ता मीच भरायचा, चुकला तर सिबिल माझं खराब. अशा कर्जाच्या 'की फॅक्ट स्टेटमेंट'मध्ये, म्हणजे मुख्य अटींच्या कागदात, दंड न भरता कर्ज परत करायची थोड्या दिवसांची मुदत छापलेली असते. तो कागद मी उघडला चौथ्या महिन्यात.

शिकवलं काय, तर पहिले तीन रविवार अमूलच्या मुलीची होर्डिंगं. १९६६ पासूनची ती मोहीम भारीच आहे, पण अजून का चालते ते सरांना सांगता येईना. मग ब्रीफ आला, म्हणजे जाहिरात करण्याआधी लिहायचं टिपण: कुणाशी बोलतोय, तो आज काय समजतो, त्याला सांगायची एकच गोष्ट कोणती, ती त्यानं का मानावी. सगळं एका पानात. हा भाग कामाचा होता, खोटं कशाला बोलू.

नंतर 'लाइव्ह प्रोजेक्ट', म्हणजे खऱ्या कंपनीसाठी जाहिरात. मसाल्याची एक कंपनी. गटातले बाकीचे तिघं 'आईच्या हाताची चव'वर अडले. ते तर प्रत्येक पुडीवर असतं. मी कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोरांना भेटलो. त्यातला एक कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत आईला व्हिडिओ कॉलवर धरून ठेवायचा. तिथं ओळ सुचली: 'आधी आईला फोन, मग पुडी फोड.' रेडिओवर तो फोन, पुडीमागं आईला विचारायचे तीन प्रश्न, मेसच्या दारावर स्टिकर, रीलमध्ये नुसती शिट्टी. कल्पना एक, पण जागेप्रमाणे तिचं काम वेगळं. एकच पोस्टर लहान-मोठं करून सगळीकडे चिकटवायचं असतं तर मी साताऱ्यातच बरा होतो. सरांनी दहापैकी सहा दिले. "इमोशन कमी आहे."

दोन महिन्यांनी स्वारगेटला एसटीतून उतरलो, तर समोरच्या रिक्षाच्या पाठीवर तीच ओळ. स्वल्पविरामासकट. काकांना विचारलं, हे लावायचे पैसे मिळतात का?

"मिळतात की. महिन्याला दोनशे."

मसालेवाल्यांना फोन केला. ते बिचारे गोंधळले, कारण त्यांनी संस्थेच्याच जाहिरात एजन्सीला रीतसर बिल भरलं होतं. म्हणजे एकाच कामाची फी आमच्याकडूनही आणि त्यांच्याकडूनही. भांडायला गेलो तर मॅडमनी प्रवेश अर्जाचं सातवं पान पुढं केलं: विद्यार्थ्यांच्या सर्व कामाचे हक्क संस्थेकडे. खाली माझी सही, झोकदार. वकील मित्र म्हणाला, नुसत्या कल्पनेला कॉपीराइट नसतोच, तिच्या मांडणीला असतो. आणि तोही तू लिहून देऊन बसलायस.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, तेव्हा न झालेल्या क्लासचे १४,००० परत आले. बाकीच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाचा अर्ज तयार करतोय. तुम्ही कुठं प्रवेश घेणार असाल तर आधी दोन गोष्टी लेखी मागा: हप्ता नेमका कुणाचा, आणि लाइव्ह प्रोजेक्टचं बिल क्लायंटला लागतं का. तोंडी उत्तर आलं तर चहा पिऊन परत या.

रिक्षाचा फोटो मी आईला पाठवला होता, काही न लिहिता. तिचा लगेच फोन. "छान लिहिलंय रे कुणीतरी!"