एविनरूडची स्पोर्ट-१६: उन्हाळाभर वापरल्यानंतर

एविनरूड म्हटलं की आठवतं ते होडीच्या मागे लावायचं आउटबोर्ड इंजिन. पण १९६०च्या दशकात तिची मालक कंपनी, आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन (ओएमसी), एविनरूड आणि जॉन्सन या दोन्ही नावांनी अख्ख्या बोटी विकत होती. दशक संपता संपता तो उद्योग गुंडाळला गेला. त्यातलीच एक १६ फुटी फायबरग्लास बोट मी मे ते ऑक्टोबर इलिनॉयच्या चेन ओ'लेक्स तलावांवर चालवली.

आधी हलबद्दल, म्हणजे बोटीच्या पाण्यात बसणाऱ्या सांगाड्याबद्दल, कारण मी या बोटीच्या प्रेमात पडलो ते हलमुळेच. खाली तीन कणे, मधला मोठा आणि दोन बाजूंचे लहान. कंपनी याला गल-विंग म्हणायची. बॉस्टन व्हेलर १९५८ मध्ये आली, तेव्हापासून असे रुंद नाकाचे हल लोकप्रिय झाले होते. फायदा उभ्या बोटीत कळतो. पोहून आलेली मुलं एकाच बाजूने वर चढली तरी बोट फारशी कलत नाही, आणि पुढे ऐसपैस जागा मिळते. मात्र वारा सुटला आणि बारीक लाटा उठल्या की बोट आपटते. तेव्हा वेग कमी करायचा, दुसरा इलाज नाही.

माझ्या बोटीत आउटबोर्डचंच टू-स्ट्रोक व्ही-४ (चार सिलिंडरचं) इंजिन आडवं करून आत बसवलंय आणि मागे स्टर्नड्राइव्ह आहे, म्हणजे इंजिन आत आणि पंखा फिरवणारा गिअरचा भाग बोटीच्या मागे बाहेर. पेट्रोलमध्ये ५० ला १ ऑइल. झाकण उचललं की प्लग, कार्ब्युरेटर सगळं हाताशी येतं. बोट इंजिनवाल्यांनी आखली आहे हे इथे जाणवतं. बटण दाबलं की ड्राइव्ह वर उचलला जातो, उथळ काठाला फार सोय होते.

काळजी घ्यायची ती गिअरची. गिअर विजेवर चालतो: खालच्या गिअरबॉक्समध्ये दोन विजेच्या कॉइल, एक पुढे जायच्या गिअरची, एक मागे जायच्या, करंट नसेल तर न्यूट्रल. त्यामुळे बॅटरी मरतुकडी असेल तर धक्क्याला लागताना रिव्हर्सचा भरवसा नाही. ऑइलही या गिअरसाठी नेमून दिलेलंच हवं. एका वर्कशॉपने साधं गिअर ऑइल भरून दिलं, तर गिअर घसरायला लागला. सगळं काढून योग्य ऑइल भरल्यावर सुधारला.

सुट्या भागांसाठी कंपनीकडे जायची सोय नाही. ओएमसी २००० मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि पुढे एविनरूड नाव घेतलेल्या बीआरपी या कॅनडाच्या कंपनीनेही २०२० मध्ये आउटबोर्ड बनवणं थांबवलं. जुन्या बोटी मोडणाऱ्यांशी ओळख ठेवावी लागते.

तरीही मला ही बोट विकायची नाही. तुम्ही घेणार असाल तर ट्रान्सम, म्हणजे बोटीची मागची सपाट भिंत, हातोडीने ठोकून बघा. बद्द आवाज आला तर आतलं प्लायवूड कुजलंय. गिअर ऑइल थोडं काढून पाहा. दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय, आणि इकडच्या थंडीत ते गोठलं की गिअरबॉक्स फुटतो.