क्लबच्या ट्रेल डेसाठी गाडी घेताय? मॅन्युअल की ऑटोमॅटिक

क्लबसोबत खडबडीत वाटांवर फिरायला फोर बाय फोर घ्यायची ठरली की मॉडेलचा वाद त्यामानाने लवकर मिटतो, घोडं अडतं ते गिअरबॉक्सवर. मी आधी बरीच वर्षं मॅन्युअल चालवली आणि आता त्याच मंडळींसोबत, तशाच वाटांवर ऑटोमॅटिक चालवतोय, म्हणून दोन्ही बाजूंनी जे जाणवलं ते लिहितो. लो रेंज (वेग कमी करून चाकांना जास्त जोर देणारे खालचे गिअर) कधी टाकायची, डिफ लॉक (डावं-उजवं चाक सारखंच फिरायला लावणारी सोय) कशासाठी, टायरमधली हवा का कमी करायची हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. आणि ऑटोमॅटिक म्हणजे इथे टॉर्क कन्व्हर्टरवाला, ज्यात क्लचऐवजी ऑइलमधून इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला जातो. एएमटी (क्लच आणि गिअर यंत्राने हलवणारा मॅन्युअल) आणि डीसीटी (दोन क्लचवाला) यांच्या पोटात शेवटी क्लचच असतो, त्यामुळे रांगत्या वेगाला त्यांची दुखणी वेगळी, ती इथे धरलेली नाहीत.

आधी मॅन्युअलची बाजू, कारण ती बरीच भक्कम आहे. २०१८ साली आलेली चौथ्या पिढीची सुझुकी जिम्नी घ्या, लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये मॅन्युअलचा एकूण रेशो साधारण ३६ ला १ येतो, आणि चार गिअरच्या ऑटोमॅटिकचा जेमतेम २५ ला १. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिन ३६ वेळा फिरतं. आयडलला पाय सगळीकडून काढून घेतला तरी गाडी ताशी तीनेक किलोमीटरने आपली आपण चालत राहते, शेजारून माणूस आरामात चालेल अशी. जीपच्या रँग्लर रुबिकॉनमध्ये हेच अंतर कमी आहे, जेएल पिढीच्या सहा गिअरच्या मॅन्युअलचा ८४ ला १ आणि आठ गिअरच्या ऑटोमॅटिकचा ७७ ला १. त्यामुळे "ऑटोमॅटिकचा रेशो लुळा पडतो" हे सरसकट खरं नाही, गाडीनुसार बघावं लागतं, पण छोट्या इंजिनाच्या, कमी गिअरच्या ऑटोमॅटिकला हे अजूनही लागू आहे.

हा रेशो कामाला येतो तो उतारावर. सुटी माती, तिच्यावर बारीक खडी, समोर वाट अशी खाली गेलेली की बोनेटच्या पुढे काहीच दिसत नाही. मॅन्युअलमध्ये लोचा पहिला टाकला, दोन्ही पाय पेडलवरून काढून जमिनीवर ठेवले, की इंजिनच गाडीला धरून ठेवतं. चारही चाकं एकाच संथ लयीत उतरतात, ब्रेक लॉक होऊन घसरायचा प्रश्नच कमी. ऑटोमॅटिकमध्ये कन्व्हर्टर मध्ये असतो, तो थोडा निसटतो, मग गाडी हळूहळू वेग घ्यायला लागते आणि पाय ब्रेककडे जातोच. हिल डिसेंट कंट्रोल, म्हणजे उतारावर आपोआप ब्रेक लावून वेग धरणारी यंत्रणा, हे काम करतं, १९९७ च्या लँड रोव्हर फ्रीलँडरपासून ही सोय आहे आणि आताच्या गाड्यांत ती खूप सुधारलीये, पण ते कर्र कर्र करत एकेक चाक धरून सोडणं मला अजूनही पूर्ण आवडलेलं नाही. लांबलचक उताराला आजही जुनी गाडी आठवते, हे मी मोकळेपणाने सांगतो.

आता माझं मत ज्या एका गोष्टीने फिरवलं तिच्याकडे येतो.

एकटे फिरत असाल तर चढ दिसला की खाली थांबायचं, उतरून वाट बघायची, गिअर ठरवायचा आणि एका दमात वर. असं चालवायला मॅन्युअलसारखं सुख नाही. पण क्लबच्या दिवशी तुम्ही एकटे नसता. पुढे वाट दाखवणारी लीड गाडी, शेवटी कुणी मागे राहू नये म्हणून स्वीप गाडी, मध्ये दहा-बारा गाड्या, आणि अवघड टप्प्यावर एका वेळी एकच गाडी हा नियम, जो असायलाच हवा. पुढचा अडकला की सगळी रांग जिथे आहे तिथे उभी. सपाटीला थांबा, अंतर ठेवा असं सकाळच्या ब्रीफिंगमध्ये सांगितलेलं असतं आणि सगळे ते पाळायचा प्रयत्नही करतात, पण झाडीतून जाणारी अरुंद वाट प्रत्येकाला सपाटी कुठून देणार. मग रांग सांभाळणाऱ्या मार्शलचा हात वर होतो तेव्हा तुमचं पुढचं डावं चाक गुडघाभर दगडाला टेकलेलं असतं, मागची दोन ओल्या मातीत, आणि आरशात मागच्या गाडीचं बोनेट. वॉकी-टॉकीवर पुढची चर्चा ऐकू येते, विंच (गाडी ओढायची चरखी) लावायची की नुसता रोप पुरेल, कुठल्या हुकला, मग रोप अडकवायची कडी, म्हणजे शॅकल, सापडत नाही. थोड्या वेळाने हात हलतो, या दोन हात पुढे. दोन हात पुढे गेलं की परत थांबा.

मला त्रास झाला तो इथे. सपाटीवर लोच्या पहिल्यात क्लच सोडला की गाडी आपोआप चालू लागते, रेस द्यायचीही गरज नसते. पण चाक दगडाला टेकलेलं असेल तर जागच्या जागेवरून त्याला वर चढवायला एकदम जोर लागतो. क्लच पूर्ण सोडला तर इंजिन गुदमरून बंद पडतं, नाहीतर रेस दिली की गाडी उसळी मारून दगडावरून पलीकडे आदळते, आणि पलीकडे हाताच्या खुणांनी वाट दाखवणारा स्पॉटर उभा असतो. मधला मार्ग एकच, हाफ क्लच. पाय थरथरत अर्ध्यावर धरायचा, दुसऱ्या पायाने ब्रेक सोडून रेस, हात हँडब्रेकवर. चढावर गाडी मागे सरकू न देणारा हिल होल्ड असतो, पण बऱ्याच गाड्यांत तो दोन-एक सेकंदच धरतो, दगड चढायला तेवढे पुरत नाहीत. आणि मग व्हेंटमधून तो क्लचचा जळका वास. एकदा आला तर विशेष काही नाही, उडून जातो. पण रांगेत हेच परत परत होत राहिलं की दुपारपर्यंत पेडल वर येऊन पकडायला लागतं, पोटरी दुखते, आणि लक्ष वाटेवर राहत नाही, ते सगळं त्या पेडलच्या बोटभर हालचालीत अडकतं. दिवसभर मजा करायला आलो आणि समोरचा डोंगर बघायलाही डोकं मोकळं नाही, याची मला मनापासून चीड यायची.

जाणकार म्हणतील की हे तंत्राचं काम आहे, आणि ते चूक म्हणत नाहीत. चढावर बंद पडली तर क्लचला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, गिअरमध्येच किल्ली फिरवून स्टार्टरच्या जोरावर गाडी हलवायची जुनी युक्ती आहे आणि ती फार छान चालते. फक्त हल्लीच्या बहुतेक गाड्या क्लच दाबल्याशिवाय चालूच होत नाहीत. टोयोटा टकोमाच्या मॅन्युअलमध्ये यासाठी क्लच स्टार्ट कॅन्सलचं खास बटण दिलेलं होतं, तसं तुमच्या गाडीत असेल तर माझी निम्मी तक्रार तुम्हाला लागू नाही. रुबिकॉनसारखा खोल रेशो असेल तरी त्रास बराच कमी होतो. ज्यांच्याकडे ३०-३५ च्या आसपासचा रेशो आणि साधं छोटं इंजिन आहे, त्यांच्याबद्दल मी बोलतोय, आणि क्लबात निम्म्याहून जास्त गाड्या अशाच असतात असा माझा अंदाज.

त्याच दगडापाशी ऑटोमॅटिक घेऊन थांबलो तेव्हा काय झालं ते सांगतो. डावा पाय हलकेच ब्रेकवर, उजव्याने अगदी थोडी रेस. गाडी हलत नाही, पण आत जोर साठत गेलेला सीटला कळतो, कन्व्हर्टर अशा वेळी इंजिनाचा टॉर्क साधारण दुपटीपर्यंत वाढवून देतो. मग ब्रेक सावकाश सोडत गेलो की टायरचे गट्टू दगडाच्या कडेवर दबतात, एकेक करून पकडतात, चाक वर येतं, माथ्यावर क्षणभर थांबतं आणि ब्रेकच्याच जोरावर पलीकडे अलगद टेकतं. स्पॉटरने मध्येच हात वर केला तरी जिथल्या तिथे थांबता येतं, अर्ध्या दगडावरसुद्धा, आणि तिथून परत सुरू करता येतं. वास नाही, थरथर नाही. काही गाड्यांत ब्रेक आणि रेस एकदम दाबली की कॉम्प्युटर रेस कापून टाकतो, त्यामुळे हे दोन पायांचं काम तुमच्या गाडीत लो रेंजला चालतं का एवढं आधी बघून घ्या.

बाकीच्या मुद्द्यांत फार गुंतत नाही. वाळूत ऑटोमॅटिकच, कारण गिअर बदलायला क्लच दाबला की तेवढ्या क्षणात वाळू गाडीचा वेग खाऊन टाकते आणि गाडी रुतते. चिखलात मला दोन्हीत फारसा फरक जाणवला नाही, तिथे टायर बोलतात. पाण्यातून जाताना मॅन्युअलवाल्याने मध्येच क्लच दाबायचा नाही, आत पाणी शिरलं तर प्लेट निसटते. ऑटोमॅटिकला हा ताप नाही, पण ब्रीदरमधून, म्हणजे गिअरबॉक्सच्या हवेच्या नळीतून, पाणी ऑइलमध्ये गेलं तर खर्च कितीतरी मोठा, त्यामुळे ब्रीदरचं तोंड उंचावर नेलेलं असलेलं बरं.

ऑटोमॅटिकची खरी काळजी उष्णतेची. मॅन्युअलमध्ये जी उष्णता क्लचला जाते ती इथे ऑइलमध्ये जाते, नाहीशी होत नाही. फरक असा की ऑइल कूलरमधून फिरून थंड होतं, जळलेली क्लच प्लेट काही पुन्हा नवी होत नाही. हाय रेंजमध्ये चढावर जोर काढत बसलात, किंवा भर उन्हात वाळूत तासभर रेटलंत, तर तापमानाचा दिवा लागणार. तेव्हा इंजिन बंद करायचं नाही, न्यूट्रल किंवा पार्कमध्ये थोडा वेळ चालू ठेवायचं म्हणजे ऑइल फिरत राहतं. चढण दिसली, दगड दिसला की लो रेंज आधी टाकायची सवय लावली तर हा प्रसंग सहसा येत नाही, निदान माझ्यावर अजून आलेला नाही.

आणि बॅटरी. मॅन्युअलला चार जणांनी धक्का दिला, उताराला सोडली, की चालू होते. ऑटोमॅटिकला तो मार्गच नाही. क्लबात जंपर केबल आणि दुसरी गाडी हाताशी असते म्हणून मी हे फार मनावर घेत नाही, पण एकट्याने लांब, माणसाचा मागमूस नसलेल्या वाटांवर जाणार असाल तर हा मुद्दा छोटा नाही, तिथे मी स्वतःसुद्धा मॅन्युअलचाच विचार करेन.

एक गोष्ट घेताना कुणी धरत नाही, ती म्हणजे गाडी तुमच्याशिवाय आणखी कोण चालवणार. क्लबच्या दिवशी शेजारी बसलेल्याला दुपारी तरी चाक हातात हवं असतं आणि ते द्यायलाही हवं, नाहीतर तो पुढच्या वेळी येणार नाही. नवीन माणसाला स्पॉटरचे हात बघायचे असतात, चाकं कुठे आहेत याचा अंदाज घ्यायचा असतो, वर क्लच सांभाळायला लावलं की तो स्पॉटरकडे बघायचंच विसरतो. ऑटोमॅटिकमध्ये तो पहिल्याच चढाला वाट वाचायला शिकताना मी पाहिलाय. त्यावर जुने लोक म्हणतात की गाडी खरी शिकायची तर मॅन्युअलवरच, आणि इंजिनचं ऐकायला ती जास्त चांगलं शिकवते हे मलाही मान्य आहे. मॅन्युअलवर शिकलेला माणूस ऑटोमॅटिकवर आला की त्याचा पाय आपोआप हलका असतो. आणि संध्याकाळी परत टायरमध्ये हवा भरून, चिखलाने माखलेल्या अवस्थेत हायवेला लागल्यावर डाव्या पायाला काही काम नसणं किती बरं वाटतं ते वेगळं सांगायला नको.

बनवणाऱ्यांचा कलही त्याच दिशेला दिसतो. २०२० मध्ये बाजारात आलेली नवी डिफेंडर फक्त ऑटोमॅटिकमध्ये, इनिओस ग्रेनेडियरसुद्धा आठ गिअरच्या ऑटोमॅटिकमध्येच, आणि लँड क्रूझर ७० सारख्या जुन्या वळणाच्या गाडीलाही २०२३ च्या बदलात २.८ लिटर इंजिनासोबत ऑटोमॅटिक मिळाला. दुसऱ्या बाजूला फोर्डने २०२१ च्या ब्रॉन्कोत सात गिअरचा मॅन्युअल देऊन त्यात रांगण्यासाठी वेगळा क्रॉलर गिअर ठेवला, म्हणजे मॅन्युअल संपलाय असं अजिबात नाही, नीट बनवला तर तो आजही तोडीस तोड आहे.

तुमच्या वाटांवर खडे लांब उतार जास्त असतील, गाडी हलकी असेल आणि ऑटोमॅटिकला चारच गिअर मिळत असतील, तर मॅन्युअल घेऊन पस्तावाल असं मला वाटत नाही. दगडधोंडे, पायऱ्या, मोठा ग्रुप आणि पाच-सहापेक्षा जास्त गिअरचा ऑटोमॅटिक असेल, तर मी ऑटोमॅटिककडे बोट दाखवेन. माझ्या सांगण्यावर मात्र जाऊ नका. क्लबात दोन्ही प्रकारच्या गाड्या असतात, कुणीतरी अर्धा तास देईलच. शोरूमची सपाट टेस्ट ड्राइव्ह यासाठी उपयोगाची नाही. चढाच्या मध्यावर, पुढचं चाक दगडाला टेकवून, मागे आणखी एक गाडी उभी असताना मुद्दाम थांबा, पाच मिनिटं तसेच थांबून राहा, आणि मग स्पॉटरला सांगा की आता दोन हात पुढे बोलाव. दोन्ही गाड्यांत हे करा, मग त्याच दोन गाड्या लोच्या पहिल्यात उतारावर सोडून बघा, आणि मगच बुकिंग करा.