नवीन लायसन्स, जुनी वॅगनआर आणि चिपळूणचे इन्शुरन्सवाले काका

मार्चमध्ये लायसन्स हातात आलं आणि एप्रिलमध्ये रत्नागिरीच्या एका गृहस्थांकडून साडेतीन वर्षं वापरलेली वॅगनआर घेतली, ९९८ सीसी. मी राहायला गुहागरला, नोकरी चिपळूणला, जाऊन येऊन रोजचे नव्वदेक किलोमीटर होतात. पगार अजून नवीनच, त्यामुळे इन्शुरन्स जेवढा स्वस्तात निघेल तेवढा काढू एवढंच डोक्यात होतं.

माझी मावसबहीण इंग्लंडला असते, तिने आधीच घाबरवून ठेवलेलं की तू नवीन ड्रायव्हर आणि वय २३, प्रीमियम ऐकून चक्कर येईल. तिकडे वय बघून लावतात. आपल्याकडे थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीच्या इन्शुरन्सचा रेट सरकार ठरवतं आणि तो इंजिनच्या सीसीवर असतो, माझ्या गाडीला २०९४ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे २४७१. गाडी मी चालवू दे की बाबा, आकडा तोच, आणि कुठल्याही कंपनीकडे तोच. स्वस्त-महाग जे काय होतं ते उरलेल्या भागात, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसान भरून मिळतं त्याच्यात.

एका वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकला तर साडेचार हजारात फुल इन्शुरन्स दाखवला. मी पैसे भरणारच होते, पण बाबा म्हणाले आधी चिपळूणच्या काकांना दाखव, ते आमच्या घरातल्या सगळ्या गाड्यांचं बघतात. म्हणून ऑफिस सुटल्यावर मोबाईल घेऊन त्यांच्याकडे गेले आणि गेले ते बरं झालं.

काकांनी चष्मा लावला आणि दोन जागी बोट ठेवलं. पहिली म्हणजे एनसीबी (नो क्लेम बोनस, क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) ३५ टक्के, ती साइटने आपोआप भरलेली. ही सूट गाडीची नसते हो, माणसाची असते! आधीच्या मालकाने तीन वर्षं क्लेम केला नाही म्हणून ती त्यांची, ते ती त्यांच्या पुढच्या गाडीला नेणार. मी माझ्या नावावर तशीच घेतली असती तर उद्या क्लेमच्या वेळी खोटी माहिती दिली म्हणून अडकले असते. दुसरी म्हणजे आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, ती सव्वातीन लाखाच्या वर धरायला हवी तिथे २ लाख ६० हजार धरलेली, म्हणून प्रीमियम कमी दिसत होता. गाडी चोरीला गेली किंवा पार निकामी झाली तर तेवढेच मिळणार होते. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी या दोन ओळी नीट बघा, प्लीज.

मग त्यांनी तीन कंपन्यांचे कोटेशन काढले. झिरो डेप (क्लेममध्ये पार्टच्या जुनेपणाची कपात होत नाही ते), इंजिन प्रोटेक्ट आणि रस्त्यात मदत धरून सगळ्यात कमी साधारण ८१५० ला बसलं. मी म्हटलं इंजिनचं काढून टाका, थोडे वाचतील. तर काका एकदम गंभीर झाले. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा साध्या पॉलिसीत पुराचं बाकी नुकसान धरतात पण पाणी शिरलेल्या इंजिनला चावी मारून ते गेलं तर ते धरत नाहीत, हे लोकांना पाणी ओसरल्यावर कळलं. "आणि घेतलंस तरी पाण्यात बंद पडली ना गो, की चावी फिरवायची नाय, ढकलत बाहेर काढायची आणि मला फोन." आपल्याकडे चार महिने पाऊस, मग हे नाही घ्यायचं तर काय घ्यायचं. पैसे त्यांनी दुसरीकडे वाचवले, माझ्या स्कूटीच्या पॉलिसीत १५ लाखांचा पर्सनल अ‍ॅक्सिडेंट कव्हर आहे तर गाडीला परत घ्यायची गरज नाही, हे मला माहीतच नव्हतं. गाडी माझ्याच नावावर करायचीही त्यांनीच सांगितली, म्हणजे एनसीबी माझ्या नावावर साठत जाईल.

ऑगस्टमध्ये पाखाडीच्या तोंडाशी रिव्हर्स घेताना मागून चिऱ्याच्या गडग्याला घासली. बंपर फुटला, एका बाजूचा दिवा गेला. गॅरेजवाल्याने ९८०० सांगितले. काकांनी आधी हिशोब मांडला की क्लेम केलास तर पुढच्या वर्षीची २० टक्के एनसीबी जाईल, तुझ्या पॉलिसीत ती सहा-सातशे रुपयांची आहे, मग कर क्लेम. माझ्या खिशातून १००० गेले. झिरो डेप नसता तर बंपरसारख्या प्लास्टिकच्या पार्टचे निम्मे पैसे मलाच भरावे लागले असते. त्याआधी दारावर ओरखडा आला होता, दीड हजाराचं काम, तेव्हा मात्र त्यांनी क्लेम करू दिला नव्हता.

आता तक्रारी. पॉलिसीची पीडीएफ चार दिवसांनी आली, तेही मी व्हॉट्सअ‍ॅपवर तीनदा आठवण केल्यावर, आणि तोवर मी गाडी दारातच उभी ठेवली. क्लेमच्या वेळी नुकसान तपासणारा सर्व्हेअर यायला तीन दिवस लागले. गुहागरात या कंपनीचं कॅशलेस गॅरेज (जिथे कंपनी बिल परस्पर भरते) नाही, गाडी चिपळूणला न्यावी लागते, हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं, मी तसं त्यांना बोलले पण. आणि गंजाचं कुठल्याच पॉलिसीत मिळत नाही, त्यामुळे समुद्राजवळ राहणाऱ्यांनी खालून अँटीरस्टचा खर्च वेगळा धरा.

तरी पुढच्या वर्षी रिन्यू त्यांच्याकडेच करणार. कोणी जाणार असाल तर आरसी, लायसन्स, जुनी पॉलिसी आणि पीयूसी बरोबर न्या, दुपारी १ ते ४ दुकान बंद असतं आणि त्या वेळात फोनही उचलत नाहीत.