स्पिरिटफेअरर: काही महिने भुतांची सरबराई केल्यावर

भुताच्या गेममध्ये आपल्याला साधारण तीनच कामं असतात. पळायचं, लपायचं, नाहीतर कपाटात श्वास रोखून बसायचं. स्पिरिटफेअररमध्ये भूत आपल्या बोटीवर राहायला येतं. त्याला स्वतंत्र खोली लागते, वेळच्या वेळी भूक लागते, आणि मघाशी दिलेला पदार्थ लगेच पुन्हा पुढे केला तर ते सरळ नको म्हणतं. दचकायची हौस असणाऱ्यांनी इथूनच परत फिरायला हरकत नाही. मलाही ती हौस आहे, पण गेले काही महिने रात्री कंट्रोलर हातात घेतला की लागतो तो हाच गेम.

मॉन्ट्रियलच्या थंडर लोटस गेम्सने तो १८ ऑगस्ट २०२० रोजी आणला. त्यांचे आधीचे दोन गेम, जोटुन (२०१५) आणि संडर्ड (२०१७), हातांनी चितारलेले पण मारामारीचे. इथे चित्रकला तीच, शस्त्र मात्र एकही नाही. ग्रीक पुराणातला मृतांचा नावाडी कॅरॉन सुरुवातीलाच आपलं काम स्टेला नावाच्या मुलीच्या गळ्यात घालून निघून जातो. सोबतीला तिचं मांजर, डॅफोडिल. मग बेटाबेटांवर अडकलेले आत्मे गोळा करायचे, त्यांचं हवं-नको बघायचं, आणि त्यांची तयारी झाली की एव्हरडोर नावाच्या कमानीपर्यंत त्यांना वल्हवत न्यायचं. बेटावर भेटतात तेव्हा हे आत्मे झगा पांघरलेले, एकसारखे दिसतात. बोटीवर पाय ठेवला की त्यांचं खरं रूप उघडतं: ग्वेन हरिणी, अतुल बेडूक, समर सापीण, ॲलिस हेजहॉग (साळूसारखा छोटा काटेरी प्राणी). हो, बेडकाचं नाव अतुल. पहिल्यांदा वाचल्यावर मी फस्सकन हसलो होतो.

हा गेम गाजला तो मृत्यूवर गंभीर बोलतो म्हणून. बोलतो हे खरंच, पण त्याचं बळ बोलण्यात नाही असं माझं मत झालंय. आत्मे जवळचे वाटायला लागतात ते कामांमुळे. ग्वेनला काळी कॉफी लागते. समर मांसाला शिवत नाही. अतुलला जवळपास काहीही चालतं, वर तो आणखी मागतो. कोणाला काय आवडतं याची यादी कोणी हातात देत नाही. खाऊ घालत गेलो की एकेकाचं समजतं. पुढे पुढे समजलेलं उघडून बघायचीही गरज राहत नाही. ओव्हनमध्ये काही टाकलं आणि करवतीवर रेंगाळलो, तर पदार्थ जळतो, आणि ते जळकं घेऊन कोणाच्या दारात जायचं हा प्रश्न पडतो. संवाद लिहिणाऱ्यांनी पानं भरून लिहिलं असतं तरी ही ओळख झाली नसती.

करवतीचंच घ्या. ओंडका पात्यावर चढवला की त्यावर एक वेडीवाकडी रेघ दिसते. बटण दाबून ठेवायचं आणि स्टेलाला पुढे-मागे सरकवत त्या रेघेवर ठेवायचं. रेघ जितकी नीट पकडाल तितक्या फळ्या जास्त. भट्टीवर धातू वितळवताना स्टेला भात्यावर उड्या मारते, आणि तापमान नेमक्या पट्ट्यात राखावं लागतं. मागावर धागा ओढताना बटण अचूक क्षणी सोडायचं. बागेतल्या रोपांना वाद्य वाजवून दाखवलं की ती भराभरा वाढतात. वाचायला हे बारीकसारीक वाटतं, पण बोटीवर पाचसहा आत्मे झाले की संध्याकाळ यातच जाते. एकाला मिठी मारायची राहिलेली असते, दुसऱ्याचं घर सजवायचं असतं, तिसरा सकाळपासून उपाशी असतो. सगळ्यांचा मूड सांभाळायचा तर फेऱ्या मारत राहावं लागतं. मिठीचं ॲनिमेशन मात्र प्रत्येकासाठी वेगळं आहे, त्यामुळे त्या फेरीचा कंटाळा येत नाही. एलेना नावाची शिस्तीची शिक्षिका आहे, ती मिठी मारूच देत नाही. तिच्या बाबतीत तेही पटतं.

रात्र झाली की बोट थांबते. झोपून टाका किंवा डेकवर कामं उरका. सुरुवातीला मी लगेच झोपायचो. नंतर मुद्दाम जागायला लागलो, कारण बाकी सगळे झोपलेले असताना स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवसाची तयारी करून ठेवण्यात वेगळीच मजा आहे.

आता ॲलिस. पुढच्या परिच्छेदात तिच्या गोष्टीतलं थोडं फुटणार आहे, नको असेल तर तो गाळून वाचा.

ॲलिस आजी आहे. तिला गोष्टी आवडतात, स्टेलाने नटूनथटून साहसी मुलीसारखं वागावं असं तिला वाटतं. तोवर सगळं गोड चाललेलं असतं. मग तिला एकटीने चालवेनासं होतं. ती हाक मारते, आपण तिच्या घरात जायचं, हात धरायचा आणि तिला डेकवर घेऊन यायचं. इथे गेमने एक साधी गोष्ट केली आहे: हात धरलेला असताना स्टेला धावू शकत नाही. एरवी उड्या मारत, दोरांवरून घसरत बोटभर हुंदडणारी स्टेला तिच्या चालीने पाऊल टाकते. पहिल्या वेळी मी वैतागलो, कारण भट्टीत धातू होता. काही दिवसांनी ती स्टेलाला ॲनी म्हणायला लागते. ॲनी तिची मुलगी. दुरुस्त करून सांगायची सोय गेमने ठेवलेली नाही. रडवायचं म्हणून पार्श्वसंगीत चढवलेलं नाही, कॅमेरा चेहऱ्यावर गेलेला नाही. फक्त चाल मंदावली आणि नाव बदललं. मी खेळलेल्या कुठल्याही भयपटछाप गेमपेक्षा तिच्या हाकेची मला जास्त धास्ती बसली.

अतुलबद्दल एवढंच सांगतो की शेवटी एव्हरडोरला नीट निरोप घेऊच, असं गृहीत धरू नका.

ज्यांचा निरोप होतो, त्यांचा एव्हरडोरपर्यंतचा प्रवास मोठ्या बोटीतून होत नाही. छोटी होडी, लालसर पाणी, स्टेला वल्हवते आणि समोर बसलेला आत्मा बोलतो. इथे खेळण्यासारखं जवळजवळ काही नाही आणि ते बरोबरच आहे. तो आत्मा गेल्यावर त्याच्या घरात एक फूल राहतं. घर मात्र बोटीवरून काढता येत नाही, फक्त हलवता येतं. हे मला सुरुवातीला गैरसोयीचं वाटलं. बोटीवर जागा मोजकीच, नवी बाग लावायची असते, आणि मध्येच ग्वेनचं रिकामं घर. तक्रार करणारे बरेच आहेत. मला आता वाटतं की पूर्ण गेममध्ये यापेक्षा धाडसी निर्णय नाही. रचना बदलताना प्रत्येक वेळी ती घरं उचलून दुसरीकडे ठेवावी लागतात, आणि आपण त्यांच्यासाठी जागा काढतो.

पण सगळं असंच टिकत नाही. उत्तरार्धात गेम ढेपाळतो. नकाशाचे नवे भाग उघडायला बोटीला खडक फोडणारी, बर्फ फोडणारी, धुकं हटवणारी साधनं लावावी लागतात, आणि त्यासाठी लागणारा माल गोळा करताना त्याच बेटांवर पुन्हा पुन्हा चकरा होतात. सुरुवातीला काम म्हणजे ओळख होती; इथे काम म्हणजे नुसता साठा. त्यात नंतर येणारे काही आत्मे घाईने उरकलेले वाटतात. ब्रूस आणि मिकी ही दांडगट जोडी मुद्दाम त्रासदायक केली आहे, बाकीच्यांचा मूड घालवते, हे समजतं. पण त्यांचा राग यायच्या आत त्यांची गोष्ट संपते. ॲस्ट्रिड आणि तिचा बाहेरख्याली नवरा जिओव्हानी यांच्यात खूप काही होतं, ते अर्धंच काढलं. स्टॅन्ली हे लहान मूल मात्र अपवाद. त्याच्या वेळी मी गेम थांबवून उठलो, आणि पुन्हा लावला तो दुसऱ्या रात्री.

दोघांनी खेळायची सोय आहे: दुसरा कंट्रोलर घेणारा डॅफोडिल होतो. माझी धाकटी बहीण गेम खेळणाऱ्यांतली नाही, पण मांजर म्हणून ती आनंदाने बसते. करवत दोघांनी चालवली की काम भराभर होतं, आणि मिठीच्या वेळी मांजरही मध्ये घुसतं. घरात कोणी अर्धवट उत्सुक असेल तर असंच ओढा. संवादांना आवाज दिलेला नाही, सगळं वाचायचं आहे, इंग्रजी वाचायचा कंटाळा असणाऱ्याला मात्र जड जाईल.

आता घेणाऱ्यांनी डिसेंबर २०२१ ची फेअरवेल एडिशन बघावी. २०२१ मध्ये आलेली तिन्ही मोठी अपडेट त्यात आहेत, प्रत्येकात नवी पात्रं: आधी लिली, मग घुबडबाई बेव्हर्ली, शेवटी जॅकी आणि दारिया. लिलीचा भाग नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी महत्त्वाचा, कारण स्टेला स्वतः कोण होती हे मूळ गेम फार आडून आडून सांगतो आणि तिच्यामुळे ते जरा मोकळं होतं. जॅकी-दारियाचा भाग रुग्णालयात घडतो आणि बाकी गेमपेक्षा कडवट आहे. ज्यांनी नुकतंच कोणाचं दुखणं काढलं असेल त्यांनी तो थोडा मागे ठेवला तरी चालेल.

भीतीच हवी असेल तर त्यासाठीचे गेम वेगळे आहेत. कोताके क्रिएटचा प्लॅटफॉर्म ८ (२०२४) बघा. २०२३ च्या द एक्झिट ८ चा तो पुढचा भाग. न संपणाऱ्या धावत्या आगगाडीत डब्यामागून डबा ओलांडायचा आणि प्रत्येक डब्यात काय बिनसलंय ते ओळखून पुढे सटकायचं. एका बैठकीत संपतो. मस्त आहे, पण तिथल्या डब्यात जे काही भेटतं त्याचं नाव विचारावंसं वाटत नाही.

सध्या माझ्या बोटीवर बक नावाचा सरडा आहे. त्याला भूमिका घेऊन खेळायच्या खेळांचं वेड, बडबड अखंड, आणि तो एव्हरडोरला जातच नाही. गोष्ट संपवायची तर माझ्याकडे फार काम उरलेलं नाही, पण मी ते लांबवतोय आणि बकला जेवायला घालतोय. तुम्ही खेळलात तर एकच करा: एव्हरडोर उघडलाय म्हणून लगेच कोणाला घेऊन निघू नका. गेम घाई करत नाही, वेळेचं बंधन नाही, आणि सज्ज झालेला आत्माही बोटीवर आरामात थांबतो. तेवढ्या वेळात आधी न बनवलेले दोनचार पदार्थ करून बघा.